दुसऱ्या चौकटीत अडलेल्या बाया

झरी, ता. परभणी
९ डिसेंबर १९९१

श्री. (नाव पाकिटावर आहेच) यांना कस्तुराचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. सासूबाईंचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, म्हैस आटली, मी बरी आहे. तुमची प्रकृती कशी, ते पाच ओळींच्या कार्डावरून कळत नाही. दिवाळीला येतो म्हणालात. आला तो फॉर्मांचा गठ्ठा. चौदा महिने झाले तुम्हाला जाऊन. फराळाचा डबा शेवटी पोस्टमनला दिला.

तुम्ही पुण्यात कॉम्प्युटरवर काय करता, हे सासूबाईंना समजावताना माझी पुरेवाट झाली. म्हटलं, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअरचा सांगाडा बांधतात. मग त्यावर कुणी क्ष-किरणाचं काम बसवील, कुणी बाळंतिणींचं. त्या म्हणाल्या, “म्हंजे मेढी-वासे ह्यानं उभे करायचे अन् भित्ती ज्याच्या त्यानं घालायच्या. मग सोताच्या घराकडं कवा बघायचं?” (उत्तर तुम्हाला येत असेल तर कळवा.)

तर त्या फॉर्मांवर घेतलेली तुमच्या सांगाड्याची परीक्षा. तुम्ही बजावलं होतं, कॉम्प्युटर करील तसंच करायचं: एक चौकट भरल्याशिवाय पुढची विचारायची नाही, आणि माहिती रुग्णाच्याच तोंडून घ्यायची, शेजारणीकडून नाही. मी दवाखान्यात नर्स असले तरी तुमची बायको. शब्दाबाहेर गेले नाही. सोमवारी पहिल्याच धुरपताबाई आल्या. दाढेनं गाल टम्म फुगलेला. चौकट एक, रुग्णाचं नाव: भरली. चौकट दोन, नवऱ्याचं नाव. बाई गप्प. दाढ सातव्या चौकटीत, आणि आम्ही दोघी दुसरीत अडून बसलो. मागे रांग दारापर्यंत. (त्यातल्या चौघींनी किशनरावांचं नाव ओरडून सांगितलं, पण शेजारणीचं चालत नव्हतं ना!) तुमच्या आईनं जन्मात तुमच्या वडिलांचं नाव घेतलं नाही, आणि फॉर्म काढताना तुम्हाला हे सुचू नये? पुण्याची हवा, दुसरं काय.

शेवटी धुरपताबाईंनी गालावरचा हात काढला, पदर सावरला आणि ठणक्यातच म्हणाल्या, “गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य वाढा, किशनरावांचं नाव घेते, आधी माझी दाढ काढा!” (दाढ मी काढत नाही. गोळी दिली, परभणीची चिठ्ठी दिली.) मग काय, रांगेला हळदीकुंकवाची कळा आली. खोकला, ताप, खरूज, सगळं उखाण्यातून आलं. दुपारपर्यंत अकरा फॉर्म झाले. आणि बायनाबाई, जिला काही झालेलंच नव्हतं, म्हणाली, “सिस्टरबाई, आमाला लय बोलायला लावलं, आता तुमी घ्या की!”

मी घेतलं. “पुण्याच्या एसटीला गर्दी फार दाटे, बन्सीधररावांचं नाव घेते, घर रितं वाटे.” कुणी हसलं नाही. रांगेतल्या भागम्मानं माझ्यापुढचा फॉर्म पालथा घातला. “ऱ्हाऊ द्या बाई आजच्याला,” म्हणाली. मला तुमची फार आठवण येते हो. संध्याकाळी सवयीनं तीन ताटं घेते आणि एक परत ठेवते. खरं म्हणजे हे पत्र तुम्हाला हसवायला लिहायला बसले होते.

सासूबाईंचे आशीर्वाद. थंडीत स्वेटर घालत जा.

तुमची,
कस्तुरा

ता. क. : ती दुसरी चौकट आधी काढून टाका. सगळा दवाखाना खोळंबतो.

दुसरा ता. क. : नको, राहू द्या. त्या निमित्तानं का होईना, तुमचं नाव तोंडात येतं.

तिसरा ता. क. : हे पत्र पोस्टात टाकणार नाही. सासूबाईंना सेलूला वन्संकडे पोचवलं, आठ दिवसांची रजा काढली, उद्याच्या पुण्याच्या गाडीनं निघते. तुम्ही दार उघडलंत की माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, म्हणून पाकीट तुमच्या हातात देईन. वाचून झालं असेल तर वर बघा. मी उभीच आहे.