हिप्परग्याच्या तलावावरून सिलोनला

नवी पेठ, सोलापूर
पौष वद्य षष्ठी, शके १८५६

तीर्थस्वरूप सिद्धप्पा अण्णा यांस,

तुमच्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका नवऱ्याचे, म्हणजे रुद्रप्पाचे, शरणु शरणार्थ. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला उतरला का? अक्कलकोटात थंडी आमच्यापेक्षा जास्त असते असं तुम्ही दरवर्षी म्हणता आणि मी दरवर्षी वाद घालतो. यंदा घालत नाही, कारण यंदा माझ्या डोक्याला दुसरे उद्योग आहेत. इकडं सगळे खुशाल. गड्ड्याची जत्रा अजून उठलेली नाही, त्यामुळं खेड्यापाड्यातलं गिऱ्हाईक दुकानात येतं, दहा लुगडी उलगडायला लावतं आणि ‘जत्रा बघून येतो’ म्हणून जातं. असो.

बातमी अशी की आम्ही उभयता सिलोनला निघालो आहोत. सिलोन म्हणजे लंका. (हे मी अख्ख्या नवी पेठेला समजावून सांगितलं आहे, आणि आता पश्चात्ताप होतो आहे. ‘सिलोन’ म्हटल्यावर लोक नुसतं ‘हं’ म्हणायचे. ‘लंका’ म्हटल्यापासून दुकानासमोर माणसं थांबून मला निरखतात.) आपला जावई शिवयोगी इथल्या गिरणीत जॉबर होता, त्याला कोलंबोच्या एका कापडगिरणीनं वरच्या जागेवर बोलावून घेतलं आणि तो आपल्या जगदेवीला घेऊन गेला, हे तुम्ही जाणताच. आता जगदेवीला दिवस गेले आहेत, पुढच्या महिन्यात मोकळी होईल. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत. पण पोरीच्या पायांना सूज आहे म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. तसं पत्र आलं त्या दिवशी तुमच्या बहिणीनं, शिवम्मानं, आधी पानं वाढली. जेवणं झाली, तिनं चूल सारवली, हात पुसले आणि म्हणाली, “पोर माहेरी येत न्हाय, तर माहेर तिकडं जाईल.” मी म्हटलं, अगं, मध्ये समुद्र आहे. त्यावर ती ‘सुमकिर्री’ म्हणाली. (म्हणजे ‘गप्प बसा’, हे कानडी तुम्हांला सांगायला नको. हा शब्द मी लग्नाच्या हळदीपासून ऐकतो आहे.)

तुम्ही मला भित्रा समजू नये म्हणून सांगतो, परक्या मुलखाची मला बिलकूल भीती नाही. सोलापूरच्या माणसाला परका मुलूख म्हणजे काय? सकाळी घरात मी कानडी बोलतो, दुकानात मराठी, साड्या घ्यायला विणकरांकडं गेलो की तेलुगू, आणि टांगेवाल्याशी भाडं ठरवताना दखनी. जगदेवीच्या पत्रांवरून कोलंबोही तसंच दिसतं. तिच्या एका बाजूला सिंहली कुटुंब राहतं. त्या घरचे आजोबा केसांचा बुचडा बांधून त्यात कासवाच्या पाठीचा वाकडा कंगवा खोवतात. (ते ऐकून शिवम्मानं माझ्या टकलाकडं पाहिलं.) दुसऱ्या बाजूला तमिळ सोनार आहे. समोर मलायी मुसलमानांची एक म्हातारी आहे, ती पोरीला रोज काहीतरी फळ आणून देते आणि समोर बसवून खायला लावते. माडीवर एक गोरटेली बाई राहते. तिचे पूर्वज वलंदेज, म्हणजे डच, होते, आणि ती दिवसभर पेटीसारखं काही वाजवते. या सगळ्यांनी मिळून जगदेवीला काय खावं, कसं निजावं, काय बघू नये याबद्दल आपापल्या चालीरीतीप्रमाणं सल्ले दिले आहेत. ते सगळे पाळायचे तर पोरीला दिवसभर एका पायावर उभं राहावं लागेल. “म्हणून आई हवी,” असं तिनं शेवटी लिहिलं आहे. तेवढी ओळ शिवम्मानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

आमच्या निंगव्वा आत्यांचा मात्र विरोध. समुद्र ओलांडून रावणाच्या गावी जायचं म्हणजे धर्म बुडाला, असं त्यांचं म्हणणं. मठात स्वामींना विचारा म्हणाल्या. मीही उत्साहानं गेलो. (इतक्या उत्साहानं मी मठात एरवी जात नाही.) स्वामींनी ऐकून घेतलं आणि माझ्या गळ्यातल्या लिंगाकडं बोट दाखवून म्हणाले, हे गळ्यात आहे ना, मग जाशील ते क्षेत्रच, आणि रावणाचं म्हणशील तर तोही शिवभक्त, म्हणजे आपल्यातलाच. मी नमस्कार करून बाहेर आलो. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. माझाही उतरला होता, पण मी उपरणं तोंडापुढं घेतलं.

मग मी तयारीला लागलो. मालधक्क्यावर मुदलियार म्हणून मद्रासकडचे गुड्सक्लार्क आहेत, त्यांच्याकडं वाट विचारायला आणि चार तमिळ शब्द शिकायला गेलो. माणूस शिवभक्त, घर शाकाहारी, त्यांनी जेवायलाच बसवलं. तमिळमध्ये ‘पोडु’ आणि ‘पोदुम’ असे दोन शब्द आहेत, अण्णा. एकाचा अर्थ ‘वाढा’ आणि दुसऱ्याचा अर्थ ‘पुरे’. मुदलियारांनी दोन्ही शिकवले, मी दोन्ही पाठ केले, आणि पानावर बसल्यावर त्यांची आपसांत अदलाबदल झाली. पहिल्या भातानंतर माझं पोट भरलं. मी हात आडवा धरून नम्रपणे ‘पोडु, पोडु’ म्हणालो. बाईंनी भात वाढला. मी दुप्पट नम्रपणे म्हणालो, बाईंनी दुप्पट वाढला. मुदलियार कौतुकानं पाहत होते; तमिळ शिकायची एवढी हौस त्यांनी कुणात पाहिली नव्हती. शेवटी बाई आतून रिकामं पातेलं घेऊन आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून काही म्हणाल्या. मुदलियारांनी अर्थ सांगितला, की घरातला भात संपला, पाहुण्यांनी क्षमा करावी. मी टांग्यातून घरी आलो. आडवा होऊन आलो.

वाट मात्र नीट समजली. इथून मद्रास मेल, मद्रासहून दुसरी गाडी थेट धनुष्कोडीपर्यंत, आणि वाटेत पांबनला ती गाडी चक्क समुद्रावर बांधलेल्या पुलावरून जाते. धनुष्कोडीला आगबोट, पलीकडं उतरलं की पुन्हा रेल्वे, ती कोलंबोला नेऊन सोडते. हे ऐकताना माझं सगळं लक्ष आगबोटीच्या जागी अडकून बसलं. मी समुद्र पाहिलेला नाही. तुम्हीही नाही, म्हणून तुम्हांला मोकळेपणी सांगतो. माणसानं जमिनीवरून सुटायचं, आणि खाली काय आहे ते न बघता पुढं जायचं, ही गोष्ट मला पटतच नाही.

म्हणून मी ठरवलं की आधी सराव करावा. आपल्या भागात समुद्र नसला तरी हिप्परग्याचा तलाव आहे. शिवम्माला म्हटलं, चल, तुझी भीती घालवू. (तिला भीती नव्हती, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.) खऱ्या प्रवासाची कल्पना यावी म्हणून मी लांब कोट घातला, रुमाल बांधला आणि नवी ट्रंकसुद्धा टांग्यात घेतली. तिथं कुंडलिक भोई म्हणून मासे धरणारा आहे. त्यानं ट्रंकेकडं पाहिलं आणि पाहुणे कुठल्या गावाला जाणार म्हणून विचारलं. मी लंकेला म्हटलं. तो म्हणाला, “मंग हितनं न्हाय जमायचं, मालक. ही होडी त्या काठाला जातीय नुस्ती.”

त्याला सगळं समजावून आम्ही होडीत बसलो. तलाव शांत होता, वारा नव्हता. मी मधल्या फळीवर ट्रंकेला धरून बसलो आणि डोळे मिटून शिवाचं नाव घेतलं. थोड्याच वेळात होडी डुलायला लागली. कपाळाला घाम आला, सकाळची भाकरी कुठवर आली आहे ते मला नेमकं कळत होतं. तरी मी सोसलं. मनाशी म्हटलं, आता तलावाच्या मध्यावर आलो असू, आता माघार नाही. पण पुढं सोसवेना, तेव्हा डोळे न उघडताच कुंडलिकाला म्हणालो, बाबा, होडी काठाला घे, माझा जीव जातो आहे.

कुंडलिक माझ्या कानाशी वाकला. मग हळूच म्हणाला, “मालक, आजून दोर सोडला न्हाय की.”

डोळे उघडले तर काठ हाताच्या अंतरावर होता, आणि बाभळीला बांधलेला दोर माझ्या नाकासमोर. घाईनं उतरताना पाय घसरला आणि मी कोटासकट गुडघाभर पाण्यात बसलो. अण्णा, तुमची बहीण हसली. पदर तोंडाला लावून, वाकून वाकून हसली. जगदेवी गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला रागावताही येईना. मी चिखलातून उठलो, ट्रंक काठावर घेतली, आणि परत जाऊ म्हणून तिची वाट बघू लागलो. ती उतरली नाही. कुंडलिकाला म्हणाली, “सोड की दोर.”

तो सोडला त्यानं. मी बाभळीखाली ओल्या धोतरानं ट्रंकेवर बसलो आणि बघत राहिलो. ती होडीत पदर घट्ट ओढून ताठ बसली होती. एकदाही मागं वळली नाही. होडी मध्यावर गेली तेव्हा ती एवढीशी दिसायला लागली, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. मला उगीच वाटलं की आता ही अशीच पुढं जाणार, आणि मी या काठावर ट्रंक राखत बसणार. परत आली तेव्हा तिच्या हाताला पाणी लागलेलं होतं. तिनं वाटेत हात पाण्यात घातला होता म्हणे. वर येऊन म्हणाली, “थंड लागतंय. जगीला लिहा, आई येतीय.” तिनं ‘आई’ म्हटलं, ‘आईबाबा’ नाही, हे तुमच्याही लक्षात येईल.

तेव्हापासून घरात तिचीच तयारी चालू आहे. तिथं सगळ्या भाज्यांत वाळक्या मासळीची पूड घालतात असं कळल्यापासून तिनं कडक भाकरीच्या चळती रचल्या आहेत, शेंगांची चटणी कुटली आहे, डिंकाचे लाडू, बाळंतशेप, अळीव, बाळाची टोपडी आणि जुन्या लुगड्यांच्या मऊ दुपट्यांचं एक गाठोडं बांधलं आहे. सिंहली शेजारणीला, सोनाराच्या बायकोला, फळवाल्या म्हाताऱ्या आजीला आणि पेटीवाल्या बाईला एकेक चादर. माझ्यासाठी काही बांधलेलं दिसत नाही. पौष संपू दे, असं मी म्हटलं होतं. तिनं ते ऐकल्याचं दाखवलं नाही.

तरी एकंदरीत सर्व ठरल्यासारखं आहे, उत्साह दांडगा आहे, आणि परतल्यावर लंकेच्या गोष्टी सांगायला मी स्वतः अक्कलकोटला येईन. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्ही गुडघ्यांना जपा.

तुमचा
रुद्रप्पा

ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. अण्णा, बहिणीला परमुलखात पोचवणं हा मान भावाचा. मी आजवर तुमचा कुठलाही मान डावललेला नाही, आणि हाही डावलावासा वाटत नाही. तुम्ही तिला घेऊन जावं, मी दुकान सांभाळतो. गुडघ्यांची काळजी नको, आगबोटीत बसूनच राहायचं असतं. मात्र ही कल्पना तुम्हांलाच सुचली असं लिहा. माझं नाव नको.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर कालचा. पत्र टाकायला निघालो तोच कोलंबोहून तार आली. जगदेवी महिनाभर आधीच मोकळी झाली. मुलगी आहे, दोघी सुखरूप, पण पोरगी फार नाजूक आहे, आईला पाठवा, असं शिवयोगीनं लिहिलं आहे. मी तार वाचून दाखवली. शिवम्मा खाली बसली आणि कितीतरी वेळ नुसती जमिनीवरून हात फिरवत राहिली. मग मला म्हणाली, “तुमी येत नसला तर तसं सांगा. मी रागवायची न्हाय.” ती खरंच रागावली नसती, अण्णा, तेच मला सोसवेना. मी येतो म्हटलं. आज रात्रीच्या मेलनं आम्ही दोघं निघतो. तेव्हा तुम्ही सिलोनला जायचं कारण नाही. सोलापूरला या आणि दुकानात बसा. किल्ली निंगव्वा आत्यांकडं आहे. मी गेलो याचं त्यांना वाईट वाटतं आहे, त्यांच्याशी गोड बोला.

ता. क. शेवटचा, स्टेशनावरून. मुदलियार निरोप द्यायला आले आहेत. ते सांगतात, आगबोटीचा प्रवास म्हणजे जेवून एक झोप काढावी एवढाच. हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणे. मी भातात होतो. मला फार हायसं वाटलं आणि मी तसं शिवम्माला बोलून दाखवलं. ती म्हणाली, येतानाही तोच समुद्र लागतो. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हा आम्ही परत कधी येणार हे विचारणारं पत्र कृपा करून कोलंबोला पाठवू नका. दुकानात तुम्हांला करमेल, वस्ती चांगली आहे.