पॉलिशची धूळ

बाई,

तुम्ही गेलात हे मला आठ महिन्यांनी कळलं होतं. भाईंदर स्टेशनबाहेर भाजी घेताना आपल्या वर्गातली एक जण भेटली आणि मेथीची जुडी उलटसुलट करत सहज बोलून गेली, "अगं, विज्ञानाच्या बाई वारल्या ना, शांती नगरच्या. दमा होता त्यांना." माझी मुलगी तेव्हा कडेवर होती. मी "हो का" म्हटलं आणि जुडी पिशवीत टाकली. त्याला आता वीसच्या वर वर्षं झाली. तुम्हाला दमा होता हे मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हतं. वर्गात बोलता बोलता तुम्ही मध्येच थांबायचात, टेबलाला हात टेकून बाहेर बघायचात. आम्हाला वाटायचं, आता कुणाला प्रश्न विचारायचा ते बाई ठरवताहेत, आणि आम्ही माना खाली घालायचो.

मी आठवीत. ऐंशीचं दशक संपत आलेलं. तुम्ही प्रत्येकाच्या हातात एक कोरं पोस्टकार्ड देता आणि सांगता, याच्यावर खोबरेल तेलाचा हात फिरवा, घरात जिथे झोपता तिथे टांगा आणि आठ दिवसांनी घेऊन या. "हवेत काय असतं ते पुस्तकात नंतर वाचू. आधी घरचं बघू." आमची खोली भाईंदर पूर्वेला, स्टीलची भांडी बनवणाऱ्या गाळ्यांना लागून असलेल्या चाळीत. एकच खोली, तिथेच स्वयंपाक, तिथेच अंथरुणं. गॅसचा नंबर लागायचा होता. रॉकेलचा वातीचा स्टोव्ह आईने खिडकीपासून लांब, कोपऱ्यात ठेवलेला, कारण वाऱ्याने ज्योत हलते आणि रॉकेल जास्त जळतं असं तिचं म्हणणं. तिन्हीसांजेला खाडीकडून डास यायचे, तेव्हा दार-खिडकी लावून ती पत्र्याच्या तुकड्यावर अंड्यांच्या ट्रेचा पुठ्ठा जाळायची. डास पळायचे आणि आई खोकत बसायची. बाबा मागच्याच गल्लीतल्या गाळ्यात पॉलिशच्या कामाला होते. मोटरवर फिरणाऱ्या कापडी चाकाला मेणासारखी काळी वडी लावायची आणि ताट त्या चाकावर दाबून धरायचं, त्यात तोंड दिसेपर्यंत. संध्याकाळी बाबा घरी आले की त्यांचे फक्त डोळे आणि दात ओळखू यायचे. आल्या आल्या ते शर्ट झटकून दारामागच्या खिळ्याला अडकवायचे. मी पोस्टकार्डही त्याच खिळ्याला टांगलं. घरात दुसरा रिकामा खिळा नव्हता.

आठ दिवसांनी तुम्ही सगळ्यांची कार्डं टेबलावर मांडलीत. कुणाचं पिवळट, कुणाचं राखाडी. माझं काळं होतं आणि त्या काळ्यात बारीक काहीतरी चमकत होतं. तुम्ही भिंग धरून बराच वेळ बघितलंत. "ही नुसती रॉकेलची काजळी नाही. घरी कोण काय काम करतं?" मी म्हटलं, बाबा कंपनीत आहेत. कुठल्या कंपनीत, तर आहे एक. मागच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला, कारण आमच्या चाळीतली दोन मुलं तिथेच बसायची. शाळा सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत. आवाज अजिबात चढवला नाहीत. "बापाच्या कामाची लाज वाटते, तर त्या कामाचं जेवण घशाखाली कसं उतरतं गं?" मी रडले आणि मग सगळं सांगून टाकलं. गाळा, चाक, बाबांचा सकाळचा खोकला आणि आईचा संध्याकाळचा.

गाळ्यांना शुक्रवारी सुट्टी असायची. त्या शुक्रवारी शाळेतून तुम्ही माझ्याबरोबर घरी आलात. आईची धांदल उडाली. तुम्हाला कॉटवर बसवून तिने चहा टाकला, आणि तुम्ही तिच्या स्टोव्हकडेच बघत राहिलात. मग उठून म्हणालात, "ताई, राग मानू नका, हा खिडकीखाली घेऊ या का? वाऱ्याला आपण पत्रा लावू." बाबांनी स्टोव्ह उचलला, मी रॉकेलचा डबा. तुम्ही एकेक सांगत गेलात. शर्ट घरात झटकायचा नाही, बाहेर मोरीवर काढून तिथेच भिजवायचा. केर काढायच्या आधी जमिनीवर पाण्याचा हात मारायचा. पुठ्ठा जाळायचा नाही. "मग डासांचं काय करू?" असं आईने विचारलं. सोमवारी शाळेत माझ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं दिलंत. आत मच्छरदाणी होती, तुमच्या घरातली, एका कोपऱ्याला हाताने टाके घातलेले. आम्ही तिघं तिच्यात आडवे झोपायचो. महिन्याभरात आईचा खोकला निम्मा झाला. तुम्हाला ते सांगताना मला काय वाटलं होतं, ते आता नीट आठवतही नाही. आपल्यालाही काही करता येतं असं वाटण्याचे माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस.

बाबांचा खोकला मात्र हटला नाही. तुम्ही पुन्हा आलात तेव्हा त्यांना विचारलंत, गाळ्यात हवा बाहेर टाकणारा पंखा आहे का. बाबा हसले. "आहे ना बाई. पण तो शेठच्या केबिनला." नाकावर रुमाल बांधता का, तर म्हणाले, "घामाने चिकटतो, मग श्वासच घेता येत नाय." ते असं बोलायचे की जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. तुम्ही शेठशी बोलू का म्हणून विचारलंत आणि ते एकदम गंभीर झाले. "नको बाई. चाललंय ते चालू दे."

पुढच्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर तुम्ही मला म्हणालात, "मला तो गाळा दाखव." मी दाखवला. बाबा नको म्हणाले होते हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही, तरी मी तुमच्या पुढे चालत गेले, जराशी ऐटीतच. गाळ्याच्या तोंडाशी उभं राहिल्यावर आधी काहीच दिसत नाही. मग एकेक पिवळा बल्ब दिसतो, प्रत्येक बल्बखाली एक वाकलेला माणूस, आणि उजेड धुळीत अडकून बसल्यासारखा. बाबांनी आम्हाला बघितलं. त्यांच्या हातातलं ताट चाकापासून दूर झालं आणि ते तसंच धरून उभे राहिले. शेठ केबिनमधून लगबगीने आले. "टीचर, अंदर आइये ना, इधर सब गंदा है." तुम्ही म्हणालात, "ये लोग तो पूरा दिन इधर ही रहते हैं. एक पंखा बाहर की तरफ लगा दीजिये, बस." शेठ गोड हसले, आमच्यासाठी थंड्याच्या बाटल्या मागवल्या. "लग जायेगा टीचर. आपने बोला, मतलब हो गया." मला वाटलं, खरंच झालं.

आठ दिवसांनी शेठने बाबांना सांगितलं, तुझी तब्येत बरी नाही ना, मग आता घरी आराम कर. बाबांनी घरी येऊन शर्ट मोरीवर काढला, भिजवला, हात-पाय धुतले आणि मग आईला सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पंखाही बसला, बाई. शेठने शब्द पाळला. महिन्याभराने मागच्या भिंतीला भोक पाडून मोठा पंखा बसवला, तो नेमका आमच्या गल्लीत तोंड करून. गाळ्याच्या आणि चाळीच्या मध्ये अंतर केवढं, दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढं. सकाळी आठला तो सुरू व्हायचा आणि आतली सगळी काळी धूळ चाळीच्या खिडक्यांवर फेकायचा. आमच्या डाळीत चकाकी दिसायला लागली. आईने खिडकी लावली, फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या आणि स्टोव्ह उचलून परत कोपऱ्यात नेला. शेजारणी तिला विचारायच्या, त्या मास्तरीणबाईंना कुणी आणलं होतं म्हणून.

तुम्ही त्यानंतर आलात ती संध्याकाळ मी कुणाला सांगितलेली नाही. दार मी उघडलं. तुम्ही जिना चढून आल्यामुळे कठड्याला धरून उभ्या होतात, बोलायला तुम्हाला थोडा वेळ लागला. "बाबा आहेत का? मला त्यांना भेटायचंय." बाबा आत कॉटवर पडले होते. मी दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "बाबा म्हणालेत, तुम्ही आता आमच्याकडे येऊ नका." बाबा असं काहीही म्हणाले नव्हते. त्या सगळ्या दिवसांत ते तुमच्याविरुद्ध एक अक्षर बोलले नव्हते. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मला वाटतं, तुम्हाला कळलं होतं. "बरं," म्हणालात. मग जिन्याकडे वळता वळता, "त्यांना म्हणावं, माझं चुकलं. मी आधी त्यांना विचारायला हवं होतं." आत गेल्यावर बाबांनी विचारलं, कोण होतं. मी म्हटलं, कुणी नाही, पत्ता विचारत होते. तुमचा निरोप मी दिला नाही.

बाबांना नंतर दुसरीकडे काम लागलं. पुन्हा पॉलिशचंच, कारण दुसरं काही येत नव्हतं. हा गाळा आधीच्याहून लहान, त्याला मागे भिंतच नुसती. मी दहावी झाले, शाळा सुटली. शाळेच्या शेवटच्या दिवसापर्यंत तुम्ही माझ्याशी पूर्वीसारख्याच वागलात, आणि मला तेही सहन होत नव्हतं. पुढे बाबांना टीबीची औषधं दिली, कोर्स पूर्ण झाला, पुन्हा दिली. शेवटी एका डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरून विचारलं, काम काय करत होता, आणि उत्तर ऐकून टीबीची औषधं बंद केली. शेवटच्या महिन्यांत ते भिंतीला टेकून बसूनच झोपायचे. एके दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा आपणहून म्हणाले, "इतकी वर्षं काम केलं, पण तिथे धूळ किती आहे हे विचारायला तुझ्या त्या बाई एकट्याच आल्या होत्या. कशा आहेत गं?" मी म्हटलं, बऱ्या असतील. तेव्हा तुम्ही होतात. मीरा रोडला शांती नगरात, रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. मी जाऊ शकले असते. बाबा पावसाळ्याच्या आधी गेले.

आता मी मीरा रोडलाच, पूनम सागरला राहते, तिसऱ्या मजल्यावर. गॅस आहे, शेगडीवर चिमणी आहे. कोपऱ्यात काही धुमसत नाही. तरी ओट्यावरून सकाळी बोट फिरवलं की काळं होतं, आणि आता ते कुठून येतं हे कुणालाच दाखवता येत नाही. समोर इमारत पाडताहेत, पलीकडे बांधताहेत, रस्ता कायमचा खणलेला. मुलीला लहानपणापासून दम्याचा पंप लागतो, तिच्या पर्समध्ये लिपस्टिकशेजारी तो असतो. डॉक्टर म्हणतात, इकडे सगळ्यांनाच आहे. ते इतक्या सहज म्हणतात की मलाही ते सहज वाटायला लागलंय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. रोज सकाळी सातच्या सुमाराला सोसायटीच्या मागे झाडलोट झाली की पालापाचोळा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या एकत्र करून पेटवतात. पेटवणारी बाई माझ्याच वयाची असेल, धुरात तोंड फिरवून उभी असते. मुलगी म्हणते, आई, खाली जाऊन बोल ना कुणाशी तरी. मी तिला सांगते की बोलून काही होत नाही, उलट त्या बिचारीचं काम जाईल, आमच्या एका बाईंनी असंच केलं होतं. तुमचं नाव मी आजवर फक्त एवढ्यासाठीच वापरलंय, बाई. तुम्ही चुकलात असं म्हणत राहिलं की मला खाली उतरावं लागत नाही.