काळ्या शालीची भोकं

पोलिक्सेनी वन्सं,

लेकीच्या लग्नाचं आमंत्रण देताना वर बजावलंत, "स्तेर्गिओसला जाऊन चार वर्षं झाली म्हणून काय झालं? विधवेच्या खांद्यावर काळंच हवं. ऐन लग्नात आमचं नाक कापू नकोस."

बरं. थंडीभर क्रोशाची सुई घेऊन बसले आणि काळ्या लोकरीची खांद्यांपुरती शाल विणली. जाळी मुद्दाम मोठी ठेवली. आत लाल रेशमी झगा घालणार आहे. तुमच्या भावानंच यानिनाहून हौसेनं आणलेला. तुमच्या जिभेच्या धाकानं तो हयात असताना मी तो झगा एकदाही अंगाला लावला नाही.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी लग्नाला चर्चमध्ये समोरच येते. शाल काळीच आहे, वन्सं. आता जाळीला भोकं असायचीच!

तुमच्या भावाची बायको,
अन्थूला