आईची नाब्ब्यांची जागा

प्रिय ताई,

आज दुपारीच दुकान बंद केलं. दार वाजवून कुणीतरी म्हणालं, "एफ्राइम दिवसा झोपायला लागला, म्हणजे आता म्हातारा झाला." माझे कान किती तिखट आहेत, तुला माहीत आहे. एरवी आतूनच उत्तर दिलं असतं.

रविवारच्या मागणीपासून डोक्यात दुसरं काही नाही. हिस्कियाची माणसं रीतीप्रमाणे सकाळपासून तुझ्या फाटकाबाहेर वाळूत बसली होती, आणि आपल्या बायका रीतीप्रमाणे त्यांची टर उडवत होत्या. "नवरा आणलाय की कुंपणाचा खांब? बोलत कसा नाही?" हिस्कियाचा थिओफिलस बिचारा खाली बघून हसत होता. मग जुनी गाऱ्हाणी निघाली. ती मिटल्याशिवाय आपल्यात मुलगी दिली जात नाही. तू एकच काढलंस, "चार वर्षांपूर्वी माझ्या आईची नाब्ब्यांची जागा कुणी उकरली?" हिस्किया उठला, टोपी काढून म्हणाला, "माझ्याकडून झालं, सलोमेताई. माफ कर." आणि मी, मुलीच्या मामानं, आपल्या घराच्या वतीनं ती माफी ऐकून घेतली. वर मानही हलवली. तू मात्र म्हणालीस, "चार वर्षं तोंड मिटून बसलेल्या घरात मी रेजिनाला देऊ? शनिवारी सांगते." काय सांगणार, ते सगळ्यांना कळलं. पोरीचं रडणं मला गाडीपर्यंत ऐकू येत होतं.

आई आपल्याला तिथं न्यायची ते आठवतं? कोवळ्या उन्हात गवताच्या बुंध्याशी वाळूला पडलेली भेग शोधायची, पावाच्या कवचाला पडते तशी. काठीनं हळूच उचकून वाळूच्या पोटातलं ते अळंबं, बटाट्याएवढा नाब्बा, काढायचा, माती परत लोटून तळहातानं दाबायची. जुना, भुसभुशीत झालेला मिळाला तर कुस्करून तिथंच पुरायचा. एकदा मी गवताचा झुबका उपटला तर तिनं बोटांवर काठी मारली. "गवत ओढतोस, माठ्या? त्याचं घर त्या मुळांत आहे." राखेत भाजलेला मोठा नाब्बा नेहमी तुला मिळायचा, कारण तू माती नीट दाबायचीस.

तू डोळ्यांच्या ऑपरेशनला विंडहूकला गेलीस तेव्हा मला म्हणाली होतीस, "शेळ्या बघ, आणि जागा बघ." त्याच आठवड्यात एका हॉटेलवाल्यानं गाडीभर नाब्बे मागितले. रस्त्याच्या कडेला बादलीतून नाब्बे विकत मी वर आलो, गिऱ्हाइकाला नाही म्हणायला कधी शिकलोच नाही. एकेक भेग कोण शोधत बसणार? आठ माणसं लावली, आठ लोखंडी दाताळी दिली. दोन दिवसांत सगळी जागा ओरबाडून निघाली, झुबके मुळं वर करून पडले. तू परत आलीस ती एका डोळ्यावर पट्टी घेऊन. गुडघे टेकून, चाचपत पुढं गेलीस, एक सुकलेला झुबका हातात धरून विचारलंस, "कोण?" मी म्हणालो, "ऐकलंय, की हिस्कियाची माणसं आली होती." मी काही ऐकलं म्हटल्यावर तू पुढं विचारलं नाहीस.

त्यानंतर दोनदा पाऊस चांगला झाला, पण वाळूला एक भेग पडली नाही. गेल्या वर्षी विद्यापीठातली एक मुलगी दुकानात पाणी घ्यायला थांबली, तिच्याजवळ मुळांनी भरलेल्या पिशव्या. मी चेष्टेनं विचारलं, "तुम्ही शिकलेली माणसं गवताची मुळं खाता का हो?" ती हसली. "काका, नाब्बा हे नुसतं फळ. खरी बुरशी मुळांना धरून असते, केसाहून बारीक धाग्यांची. ती गवताला वाळूतलं पाणी आणून देते, गवत तिला आपला रस देतं. मुळं उपटली की दोघंही जातात." परत येतात का, विचारलं, तर म्हणाली, "आधी गवत यायला हवं." पाण्याचे पैसे घ्यायचं मला सुचलं नाही.

रविवारी निघताना हिस्कियानं मला गाडीजवळ गाठलं. आवाज न चढवता म्हणाला, "तुझ्या दुकानामागं पडलेली दाताळी मी तेव्हाच पाहिली होती, एफ्राइम. बोललो नाही. तिला तू एकच भाऊ. आता पोरांचं होऊन जाऊ दे." आणि हात मिळवून निघून गेला. तो हात अजून धुवावासा वाटत नाही आणि कुणाला दाखवावासाही वाटत नाही.

भावानं बहिणीसमोर मान वर करून बोलू नये अशी आपली रीत. त्या रीतीच्या आडोशाला मी चार वर्षं काढली, म्हणून हे लिहून देतोय. तुझे डोळे आता चांगले आहेत. तू वाच, मग रेजिनाला वाचायला दे. शनिवारी मी आत येणार नाही. फाटकाबाहेर हिस्कियाच्या माणसांत, वाळूत बसेन. तेच गाऱ्हाणं पुन्हा काढ, आणि या वेळी माझं नाव घेऊन विचार. माफी मी इथं कागदावर मागत नाही, ती तिथं सगळ्यांना ऐकू जाईल अशी मागायची आहे. मला ती दे किंवा देऊ नकोस. त्यांना मुलगी दे.

तुझाच,
एफ्राइम