बांधावर ओळीनं लावलेल्या पेट्या

आबा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी कांद्याचे डोंगळे फुलले की तुमचा राग येतो. कांद्याचं बी धरायचं तर मधमाशी लागते, आणि माशीच्या पेटीला राणी. त्या राण्या मी तयार करायचे. चौथी नापास, नवऱ्यानं टाकलेली, पोरगी काखेत घेऊन तुमच्या दारात आलेली. पण ते काम मला येत होतं, आणि तेवढ्यापुरतं मला कुणी 'माहेरी येऊन बसलेली' म्हणत नव्हतं.

बारा छोट्या पेट्या. एकेकीत ओंजळभर माश्या आणि एक बिनलग्नाची राणी. ती दुपारच्या उन्हात उडते, वर नर गाठते, आणि आपल्याच पेटीत परतते. चुकून दुसरीच्या दारात शिरली, तर तिथल्या माश्या तिला मारून टाकतात. म्हणून मी पेट्या बाभळीखाली विखरून ठेवल्या होत्या, दारं चार दिशांना, कुणावर चुना, कुणावर नीळ, कुणावर गेरू. तुम्ही म्हणालात, "ही काय भातुकली मांडलीस?" त्या दिवशी बियाणं घेणारे पाहुणे यायचे होते. मी चुलीपुढं भाकरी थापतेय, आणि खिडकीतून दिसतंय, भर दुपारी तुम्ही पेट्या उचलून बांधावर ओळीनं लावताय, सगळ्यांची दारं उगवतीला, ओल्या फडक्यानं माझे रंगही पुसताय. शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी करावीत तशा. पाहुणे खूश झाले. दोन दिवसांत दारांपुढं मेलेल्या राण्या सापडल्या. तीन पेट्यांत तेवढी राणी उरली.

तुम्ही ओसरीवर, भाऊबंदांसमोर, माझ्याकडे न बघता म्हणालात, "सारखी झाकणं उचकटत बसती. हिला सोताचं घर नाय टिकवता आलं, राण्या काय टिकवनार?" सगळे हसले. पेट्या दादाकडे गेल्या. पहिल्याच दिवशी धुराच्या डब्यानं त्यानं स्वतःची मिशी जाळून घेतली, तरी मालक तोच. तुम्ही जाईतोवर मी त्याच्या हाताखाली पेट्या वाहिल्या.

आता त्या माझ्याकडे आहेत. नात विचारते, "आजी, अशा वाकड्यातिकड्या का गं ठेवतेस?" मी म्हणते, "तुझ्या पणजोबाला विचार."

हा कागद धाडायचा कुठं? एक पेटी डुगडुगतेय, घडी करून तिच्या पायाखाली सारते. फक्त एक राहिलं. खिडकीतून बघताना मला कळलं होतं काय होणार ते. धावत येऊन तुम्हाला थांबवता आलं असतं. मी तव्यावरची भाकरी उलटली. म्हटलं, होऊ दे. एकदा तरी तुमचं चुकलेलं चारचौघांना दिसू दे.