शिडी मालगुंडला गेली आहे

रत्नागिरी,
एप्रिल १९८४

ती. कमळाआक्का,

शिडी आत्ताच अंगणातून बाहेर पडली. मी माळ्याच्या खिडकीतून पाहतो आहे. पुढच्या दोन पायऱ्यांच्या मधे तुझी चिमी, तिच्यामागे आळीतले सोनू आणि लवू, आणि शेवटी शेजारच्या गोदूबाईंची नात गुणवंती. चौघांनी बांबूची शिडी आडवी कमरेशी धरली आहे आणि तिची एस.टी. झाली आहे. रत्नागिरी–मालगुंड. सोनूने तोंडाने घंटा मारली. गेली.

साष्टांग नमस्कार. (हे आधी लिहायला हवं होतं, पण गाडी सुटत होती.) तुझी पाठ कशी आहे? नर्सिंगच्या वसतिगृहातलं जेवण सोसतं का? भाऊजींचं बोटीवरून पत्र आलं का? इकडे सर्व क्षेम आहे, म्हणजे खाली आहे. पत्र लाल शाईत आहे म्हणून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. मी अढीतले आंबे परतायला माळ्यावर चढलो, आणि उतरायचं राहिलं.

तू विचारलं होतंस, तुझं शिक्षण संपेपर्यंत वर्षभर चिमीला माझ्याकडे ठेवावं, की सांगलीला नणंदेकडे पाठवावं. खरं काय ते लिही, म्हणालीस. लिहितो. दिवाळीनंतर इथे पालकांचं एक शिबिर झालं होतं. मला मूल नाही, त्यामुळे जायला वेळ होता. तिथे समजलं की लहान मुलांना उत्तर देऊ नये. प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं. मूल आपली वाट आपण काढतं. मला हे फार पटलं. शेवटच्या दिवशी मी यावर भाषणही केलं. चिमी सुट्टीपुरती इथे आल्यापासून तेच चाललं आहे. पहिल्या सकाळी गोदूबाई तिच्या फ्रॉकची पाठीवरची बटणं लावायला आल्या, तर मी त्यांना थांबवलं. म्हटलं, तिचं तिला सुचू द्या. तिने फ्रॉक उलटा घातला आणि बटणं पुढून लावली. उत्तर बरोबर होतं. दिवसभर रस्त्यातल्या प्रत्येकाने मला सांगितलं की पोरीचा फ्रॉक उलटा आहे. मग मी विचारलं, मांजर दुधाला तोंड लावतं, काय करावं? तिने थोडा विचार केला आणि दूध पिऊन टाकलं. मी चहा कोरा घेतला. (मांजरही नाराज होतं.)

आज सोनूच्या तीनचाकी सायकलीवरून भांडण झालं. सायकल एक, बसणारे चार. मी चौघांना ओळीने उभं केलं. भांडण माझ्याकडे आणायचं नाही, मोठ्यांना विचारायचं नाही, घरात काय काय आहे ते बघा आणि चौघांना एकदम बसता येईल असं काही शोधा, असं सांगून माळ्यावर चढलो. त्यांनी घरात पाहिलं. (जन्मभर मराठी शिकवूनही त्या वाक्यात ‘शिडी सोडून’ एवढे दोन शब्द घालायचं मला सुचलं नाही.)

आत्ता सुटली ती दुसरी फेरी; पहिली फेरी करून गाडी मघाशी एकदा परत आली होती. आता हाक मारून शिडी मागणं म्हणजे भाषण मागे घेणं. म्हणून रीतसर विचारलं, “चिमे, मामा वर आहे. शिडी खाली आहे. तुला काय वाटतं?”

ती विचारात पडली. “मामाला तहान लागेल.”

आंबे वर ओढायच्या टोपलीतून पाणी आलं.

“आणखी काय वाटतं?”

“कंटाळा येईल.”

टोपलीतून वार्षिक परीक्षेचे पेपर आणि लाल पेन आलं. मी गप्प असतो तेव्हा माझ्यासमोर हेच असतं, एवढं तिने पाहिलेलं आहे. कुणाच्यातरी कोऱ्या राहिलेल्या पुरवणीवर हे लिहितो आहे.

मग गोदूबाई नातीला शोधत आल्या. वर बघून म्हणाल्या, “काय वो सर, वर काय करताय?”

“आंबे परततोय.”

“मघापास्नं?”

“नीट परततोय.”

“परता, परता,” म्हणाल्या आणि गेल्या. (त्यांना पोरांकडून शिडी आणून लावायला सांगता आलं असतं, हे त्या फाटकाबाहेर गेल्यावर लक्षात आलं. खरं तर आधीही लक्षात होतं.)

तेव्हा आक्का, माझं प्रामाणिक मत असं की चिमीला सांगलीला पाठव. ज्याला स्वतःच्या माळ्यावरून उतरता येत नाही, त्याच्या हाती पाच वर्षांची मुलगी देऊ नये.

इथून पुढे निळी शाई आहे, म्हणजे मी खाली आहे. चिमी एकटीच आली. माळ्याखाली उभी राहून तिने वर पाहिलं.

“मामा, तुला उतरायचंय का?”

“हो.”

“मग सांगत का नाहीस?”

शिबिरात यावर काही सांगितलं नव्हतं. ती धावत गेली आणि गोदूबाईंना घेऊन आली. मोठ्यांना विचारायचं नाही हा नियम तिने माझ्यापुरता काढून टाकला. गोदूबाईंनी पोरांकडून शिडी आणून लावली, खालून घट्ट धरली आणि म्हणाल्या, “मघाशीच लावणार होते. म्हटलं, त्यांचं त्यांना सुचू दे.”

तुझा,
दादू

ता. क. सांगलीचं जे लिहिलं आहे ते माळ्यावर लिहिलं होतं. तिथे फार उकडतं. चिमीला इथेच राहू दे. नणंदेला तसं कळव आणि पोरीचे पावसाळ्याचे कपडे पाठव.

ता. क. २. काल टपाल निघून गेलं होतं, म्हणून आणखी एक. आज सकाळी मी तिच्या वेण्या घातल्या. मी यापूर्वी कुणाच्या घातलेल्या नाहीत. एक कानावर आली, एक मानेवर. तिने आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तशीच खेळायला गेली.