बर्नाडीनच्या नावाची पट्टी

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

प्रिय रोझलिन,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आज जरा हात राखून.

काल, गुरुवार २२ फेब्रुवारी, दुपारी बारा चाळीसला, चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्या हेगनच्या मयताचं जेवण चालू असताना माझी अब्रू गेली. हवामान, गुडघे वगैरे नंतर. आधी हे.

शाळेची बस चालवणारा लिओ मॅटिंग्ली गोड गोळ्यांच्या भांड्यापाशी ठाण मांडून उभा होता. पाचवी तोंडात टाकल्यावर त्याला विचारावंसं वाटलं की हा ओल्या गवताचा वास कसला. क्लेमेंटाइनच्या नवऱ्याने शेतात तंबाखू सोडून हेम्प, म्हणजे बिननशेची भांग, लावलं होतं, तिला तो वास झोपेतही कळतो. ती म्हणाली, हा तर रोझलिन विकते तो सीबीडीचा, हेम्पचा अर्क घातलेला मध. लिओ पांढराफटक पडला. बसच्या ड्रायव्हरांना कधीही लघवी तपासायला नेतात, आणि भांगेचा अंश सापडला की नोकरी गेली. बर्नाडीनने मयताच्या जेवणात भांग चारली, असं तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडला. कारण क्लेमेंटाइनने भांडं उचलून खालची पट्टी वाचली होती. नाव माझं, अक्षर माझं. आपल्याकडे भांड्याखालची पट्टी म्हणजे सही.

मी तेव्हा आत बटाट्याचं पातेलं खरवडत होते. बाहेर आले तर सगळे माझ्याकडे बघत होते. संध्याकाळी फादरांनी स्वयंपाकघराची किल्ली मागून घेतली. म्हणाले, थोडी विश्रांती घ्या, बर्नाडीन. मी आयुष्यभर भूमिती शिकवली आहे, विश्रांती आणि हकालपट्टी यांतला कोन मला मोजता येतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा दिवस त्या किल्लीने सुरू होतो हे तुला ठाऊक आहे.

झाकणाचं निळं भांडं नाताळात तू नेलं होतंस. ते हॉलच्या फ्रीजमध्ये कसं गेलं ते लिहून कळव. फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी काय विचारत होते तेच विसरते.

तुझी (अजून तरी)
बर्नाडीन


रविवार, २५ फेब्रुवारी

ती. बर्नाताईस,
धाकटीचा नमस्कार, कान धरून.

रस्त्यापलीकडच्या बहिणीला पत्र घालताना पोस्टमन हसला असता, म्हणून स्वतःच तुझ्या पेटीत टाकते आहे.

गोळ्या तुझ्यासाठी होत्या, ताई. तू जिन्यावर कठडा धरून कण्हतेस, मला बघवत नाही. मध दिला तेव्हा म्हणालीस, भांगेच्या कुळातलं काही माझ्या घरात येणार नाही. बाबांचा तंबाखू मात्र आपल्या माळ्यावर टांगलेला असायचा, तो चालला! म्हणून हा उपाय. चूल पेटवायला नको, काही नको: ओट, शेंगदाण्याचं लोणी, चिरलेला खजूर, अक्रोडासारख्या पिकानचा चुरा आणि वर मध. ओल्या हाताने वळायच्या, फ्रीजमध्ये घट्ट करायच्या. हॉलमध्ये भांडी घासता घासता रोज एखादी तोंडात टाकशील, कळणारही नाही, असं वाटलं. आपल्याच भांड्यावर तू संशय घेणार नाहीस म्हणून निळं भांडं. मयताच्या दिवशी फ्रीजमधलं नाव लिहिलेलं सगळं टेबलावर जातं, हे डोक्यातून गेलं. ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस तू गोडाला शिवत नाहीस, हेही.

पण एवढा गहजब कशाला? त्यात नशा नसते. नाताळात बर्बन दारूच्या गोळ्या त्याच टेबलावर असतात, फादर दोन खातात, तिसरी खिशात घालतात. तेव्हा कुणाची किल्ली जात नाही.

फादरांना सांगायला मात्र धीर होत नाही. सांगितलं तर बायका माझ्या हातचा मधच घ्यायच्या नाहीत. तू थोडं सोस. दोन आठवड्यांत लोक विसरतील, तुझं नाव मोठं आहे.

राग ओसरला की मला आठव.
तुझी
रोझ


मंगळवार, २७ फेब्रुवारी

प्रिय रोझ,
आशीर्वाद पूर्ण. मजकूर कडक.

लिओची तपासणी कोरी आली. टोपी हातात घेऊन सांगायला आला होता. जाताना म्हणाला, गोळ्या चांगल्या होत्या, पण लोक अजून बोलताहेत. म्हणजे त्याची नोकरी शाबूत आहे आणि माझं नाव नाही. माझं नाव मोठं आहे म्हणून त्याच्याखाली तू लपायचंस, हे गणित तुला शाळेतल्या कोणत्या सिस्टरने शिकवलं?

आता ऐक. रक्त पातळ करायची माझी गोळी तुला माहीत आहे, औषधाच्या दुकानातून तीच तर आणून देतेस. काल तिथल्या पोराला नव्हे, मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा मध त्या गोळीचा जोर वाढवू शकतो, डॉक्टरांना न विचारता घेतला तर रक्तस्रावाची भीती असते. मी उपासामुळे वाचले, रोझ. तुझ्या प्रेमामुळे नव्हे. तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आणि म्हणूनच तू विचारलं नाहीस. राग त्याचा आहे. हेम्पचा नाही.

आणि बर्बनच्या गोळ्यांवर बर्बन असं लिहिलेलं असतं. फरक तेवढाच आहे आणि तो पुरेसा आहे.

तुझा मध विक. बाटलीवर काय आहे ते लिही आणि विक, मीच चार जणींना सांगेन. गुडघ्यांचं मी डॉक्टरांशी बोलेन. ते हो म्हणाले तर तुझ्याकडूनच घेईन, पैसे देऊन, उघड.

या शुक्रवारी, उपासात मांस वर्ज्य म्हणून, हॉलमध्ये मासळीचं जेवण आहे आणि गोडाचं कुणी ठरवलेलं नाही. तू साध्या मधाच्या गोळ्या करून आण, आणि ताटं मांडायच्या आधी फादरांना तुझ्या तोंडाने सगळं सांग. मी दारात उभी राहीन. आत येणार नाही, किल्ली माझ्याकडे नाही.

निळं भांडं या पत्राबरोबर ठेवते आहे. धुतलं आहे. माझ्या नावाची पट्टी खरवडून काढली, जागा रिकामी आहे. तुझं नाव तुझ्या अक्षरात लिही.

येणार की नाही, ते गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. लोभ आहे. तो किती ठेवायचा हे त्या उत्तरावर.

तुझी
बर्नाताई